डांबराच्या बिलात बसलेली सुरक्षा: होबोकन शहराने पादचाऱ्यांसाठी पैसा कसा उभा केला

चौकाच्या अगदी तोंडाशी एक उंच व्हॅन लावलेली आहे. फुटपाथच्या कडेला एक बाई येऊन थांबते. डावीकडून येणारी गाडी तिला दिसत नाही, कारण मध्ये व्हॅन आहे. गाडीवाल्यालाही ती दिसत नाही, कारण तेच. मग ती दोन पावले रस्त्यात उतरते आणि मान पुढे काढून बघते. नेमक्या त्या दोन पावलांत घात होतो. चालणारी पट्ट्यांवरूनच चाललेली असते आणि गाडीवाला वेगमर्यादेतच असतो. चूक केलेली असते ती व्हॅन लावून निघून गेलेल्या तिसऱ्याच माणसाने.

अमेरिकेतल्या होबोकन शहराची गोष्ट अशा कोपऱ्यांची आहे. न्यू जर्सी राज्यातले हे शहर हडसन नदीच्या काठावर, मॅनहॅटनच्या समोर वसले आहे. क्षेत्रफळ जेमतेम सव्वा चौरस मैल आणि वस्ती साठ हजारांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक. इथे लोक भरपूर चालतात आणि गाडी लावायला जागा शोधणे हे रोजचे दुखणे आहे. २०१५ मध्ये मध्यवर्ती भागातल्या एका गजबजलेल्या चौकात रस्ता ओलांडताना ८९ वर्षांच्या एका आजी वाहनाच्या धडकेत गेल्या. त्या वेळी रवी भल्ला नगरसेवक होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते महापौरपदी निवडून आले, न्यू जर्सीतले पहिले शीख महापौर. २०१९ मध्ये त्यांनी ‘व्हिजन झीरो’चा आदेश काढला आणि २०२१ मध्ये कृती आराखडा आला. २०३० पर्यंत शहरातल्या रस्त्यांवर कोणी मरू नये आणि कोणी जखमीही होऊ नये, हे त्याचे उद्दिष्ट. रस्त्यावरच्या अपघातात तिथे शेवटचा मृत्यू जानेवारी २०१७ मध्ये झाला होता. २०२४ उजाडले तेव्हा त्याला सात वर्षे पूर्ण झाली होती आणि मधल्या काळात एकही मृत्यू झालेला नव्हता.

याच काळात देशभरचे चित्र उलटे होते. अमेरिकेत २००९ मध्ये ४,१०९ पादचारी मेले होते. तो नीचांक होता. २०२२ मध्ये हा आकडा ७,५२२ वर गेला.

या गोष्टीकडे मी आलो तो पैशाच्या प्रश्नामुळे. पादचाऱ्यांच्या सुरक्षेची चर्चा जिथे म्हणून होते तिथे शेवटी एकच वाक्य कानावर येते, ‘कल्पना चांगली आहे, पण तरतूद नाही.’ हे वाक्य बहुतेक वेळा खोटे नसते. तरतूद खरोखरच नसते. पण ती का नसते आणि तिच्याशिवाय काय करता येते, हे होबोकनच्या अनुभवातून जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

आधी तरतूद का नसते ते बघू. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ‘पादचारी सुरक्षा’ असे वेगळे लेखाशीर्ष उघडले की ते लगेच सगळ्यांच्या नजरेत भरते. पैसे कमी पडले की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते, कारण ते शीर्ष नवे असते, त्याला जुना वाली नसतो आणि त्यावर पोट असलेला ठेकेदारही नसतो. दुसरे कारण जास्त खोल आहे. रस्त्यावर माणूस मेला तर त्याचा खर्च घरच्यांच्या, इस्पितळाच्या, विमा कंपनीच्या, मालकाच्या वहीत पडतो. पालिकेच्या वहीत तो येतच नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने हिशेबासाठी एका वाचलेल्या जिवाची किंमत ठरवलेली आहे. २०२३ साठी ती १ कोटी ३२ लाख डॉलर होती. जिवाला किंमत लावणे काहींना क्रूर वाटते, मला तसे वाटत नाही. किंमत लावलीच नाही तर हिशेबात ती शून्य धरली जाते, आणि ते जास्त क्रूर आहे. पण ही किंमत केंद्राच्या कागदावर असते. ज्या अभियंत्याला चौकात काम करायचे आहे त्याच्या लेखाशीर्षावर यातला एक डॉलरही जमा होत नाही. त्याच्यासमोर फक्त खर्चाची बाजू असते आणि वाचलेला जीव जमेच्या बाजूला कोणी लिहीत नाही.

मग अनुदान मागायचे. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने अमेरिकेत ‘सर्वांसाठी सुरक्षित रस्ते’ या नावाने पाच वर्षांसाठी पाच अब्ज डॉलरची योजना आणली. शहरांना त्यातून थेट पैसे मिळतात. अर्ज करायचा, देशभरातल्या शहरांशी स्पर्धा करायची आणि मंजूर झाले तर किमान २० टक्के स्वहिस्सा भरायचा. बांधकामासाठी पैसे हवे असतील तर आधीपासून तयार कृती आराखडा लागतो. योजना चांगली आहे. पण अनुदानावर अवलंबून राहिले की कामाची गती देणाऱ्याच्या हातात जाते. कोणता चौक धोकादायक आहे यापेक्षा कोणता चौक अर्जात शोभतो, हे महत्त्वाचे होऊन बसते. शिवाय अनुदानातून एक देखणा रस्ता होतो आणि बाकीचे शहर आहे तसेच राहते.

होबोकनने मुख्य भिस्त यावर ठेवली नाही. त्यांनी बघितले की दरवर्षी आपण असा कुठला खर्च करतोच, जो कोणी नाकारत नाही. उत्तर समोरच होते, ते म्हणजे डांबरीकरण.

रस्त्याचे पुन्हा डांबरीकरण होताना काय घडते ते जरा जवळून पाहू. जुना थर यंत्राने खरवडतात. वाहतूक वळवलेली असते, ठेकेदाराची माणसे आणि यंत्रे जागेवर असतात, पोलीस बंदोबस्त लागलेला असतो. नवा थर पडला की रस्ता कोरा होतो आणि त्यावरची प्रत्येक रेघ नव्याने मारावी लागते. जुने पट्टे होते तसेच मारायचे की चौकापासून २५ फूट अलीकडेच पार्किंगची रेघ थांबवायची, यात रंगाच्या खर्चाचा फरक जवळपास काहीच नसतो. फरक असतो तो नकाशात. नकाशा आधी बदलला असेल तर सुरक्षा त्याच बिलात बसते. नसेल तर ठेकेदार जुन्या रेघांवरून नव्या रेघा मारून निघून जातो आणि पुढची कितीतरी वर्षे तो कोपरा तसाच आंधळा राहतो.

यात कायद्याचीही मदत झाली, तीही वेगळ्याच दिशेने. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्यानुसार रस्त्यात मोठा बदल केला की फुटपाथला चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावा लागतो. डांबराचा नवा थर हाही ‘बदल’च धरायचा, हे २०१३ मध्ये केंद्रीय न्याय आणि परिवहन खात्यांनी मिळून स्पष्ट केले. म्हणजे डांबरीकरण निघाले की कोपऱ्यावरचा कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, तसाही फोडावा लागतो आणि काँक्रीट तसेही ओतावे लागते. फोडतोच आहोत तर तो कर्ब चार-सहा फूट रस्त्यात पुढे का घेऊ नये? कर्ब पुढे आला की रस्ता ओलांडायचे अंतर कमी होते, वळणारी गाडी वेग कमी करते आणि पादचारी उभ्या गाड्यांच्या आडून बाहेर येतो. अपंगांच्या हक्कासाठी जो खर्च टाळताच येत नव्हता, त्याच्याच खांद्यावर हे काम बसते.

अर्थात सगळे कोपरे इतके सरळ नसतात. कर्बच्या कडेने पावसाचे पाणी वाहते आणि बरेचदा नेमकी कोपऱ्यावरच त्याची जाळी असते. कर्ब हलवला की जाळी हलवावी लागते, जाळी हलवली की खालचा नळ. इथे खर्च एकदम चढतो आणि साधा वाटणारा कोपरा महागडा होतो. होबोकनने अशा ठिकाणी काँक्रीटची वाट पाहिली नाही. रंगाने कोपरा आखला, त्यावर लवचिक प्लास्टिकचे उभे खांब लावले आणि पाणी जिथून जात होते तिथूनच जाऊ दिले. पुढे पैसे आणि संधी आली की तिथेच पक्के काम करता येते.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. अनेक मोकळ्या केलेल्या कोपऱ्यांवर त्यांनी सायकल स्टँड बसवले. न्यू जर्सीच्या कायद्यात पादचारी पट्ट्यांपासून २५ फुटांच्या आत गाडी उभी करायला बंदी आहेच. कायदा नव्हता म्हणून कोपरे अडलेले नव्हते, तो कोणी पाळत नव्हते म्हणून अडलेले होते. तो पाळून घ्यायला माणूस नेमायचा तर पगार दरवर्षीचा, तोही प्रत्येक कोपऱ्यासाठी. लोखंडी स्टँड एकदा बसवला की चोवीस तास पहारा देतो. त्यावर सायकली लागतात आणि सायकलींच्या वरून समोरचे माणूस स्वच्छ दिसते. दरसालच्या पगाराच्या खर्चाऐवजी एकदाच्या लोखंडावर खर्च, हा निधीच्या दृष्टीने मला या प्रकरणातला सर्वांत हुशारीचा निर्णय वाटतो, आणि नेमकी त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते.

तिसरा स्रोत पाण्याचा. २९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात हडसन नदी शहरात शिरली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. होबोकनची जमीन सखल आहे. सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून जाते, त्यामुळे साधा जोराचा पाऊस आला तरी रस्त्यावर पाणी तुंबते. वादळानंतर पूरनियंत्रणाच्या मोठ्या योजनेसाठी केंद्राने २३ कोटी डॉलर मंजूर केले. तो पैसा भिंती आणि दरवाज्यांसारख्या मोठ्या कामांचा होता. पण पुराने शहराला एक सवय लावली. प्रत्येक रस्त्याकडे पाणी कुठे मुरेल या नजरेने बघायची सवय. पुढे काढलेल्या कोपऱ्यात काँक्रीट भरण्याऐवजी माती आणि झाडे घातली की ती ‘पर्जन्य बाग’ होते. तिच्या कर्बला वीतभर रुंदीची फट ठेवलेली असते. रस्त्याच्या कडेने वाहत आलेले पाणी त्या फटीतून आत वळते, खड्ड्यासारख्या खोलगट मातीत थांबते आणि हळूहळू मुरते. झाडे मुद्दाम बुटकी, गुडघ्याच्या वर न जाणारी, म्हणजे नजर अडत नाही. वॉशिंग्टन स्ट्रीट या मुख्य रस्त्याच्या नूतनीकरणात जुनाट जलवाहिनी बदलणे, नवे सिग्नल, पुढे काढलेले कोपरे आणि या बागा सगळे एकाच कामात आले. नळ बदलायला रस्ता उकरावाच लागणार होता. उकरलेला रस्ता पूर्वीसारखाच बुजवायचा की सुधारून बुजवायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

इथे आपल्याकडचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर ३२,८२५ पादचारी मेले. आपल्या शहरांतही दरवर्षी डांबर पडते, केबलसाठी रस्ते खणले जातात, जलवाहिन्या बदलतात. प्रत्येक वेळी रस्ता ‘पूर्ववत’ केला जातो. हा ‘पूर्ववत’ शब्द कामाच्या आदेशातून गेला तरी बरेच काही हाती लागेल. असो, पुन्हा होबोकनकडे.

एवढ्यावरून असे वाटेल की पैशाचा प्रश्न सुटला की सगळे सुटले. तसे झाले नाही. डॉलर सापडले तेव्हा खरी किंमत वेगळ्याच चलनात भरावी लागली, ते म्हणजे पार्किंग. एका कोपऱ्यावर एक-दोन गाड्यांची जागा जाते. एका चौकाला असे अनेक कोपरे, आणि शहरात चौक किती! ज्या शहरात रात्री गाडी लावायला जागा सापडत नाही तिथे हे राजकीयदृष्ट्या महाग काम होते. त्या जागा कायद्याने कधीच पार्किंगच्या नव्हत्या, हे खरे असले तरी वीस वर्षे तिथे गाडी लावणाऱ्या माणसाला ते पटत नाही. त्याच्या दृष्टीने त्याचे काहीतरी हिरावले गेलेले असते. त्याचा राग मला समजतो. पण तो राग आणि कोपऱ्यावरची ती दोन पावले तराजूत घातली तर माझ्यासाठी निवड अवघड राहत नाही. भल्ला यांच्या कारभाराने हा राग पत्करला आणि निर्णय मागे घेतला नाही. निधीची कुठलीही योजना हे काम त्यांच्यासाठी करू शकली नसती.

२०२२ मध्ये शहरभर वेगमर्यादा ताशी २५ मैलांवरून २० मैलांवर आणली, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. या सुधारणेला फलकांपलीकडे फारसा खर्च नाही, परिणाम मात्र मोठा. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतले अंतर बघा. ताशी २० मैल वेगाने जाणारी गाडी समोरचा धोका दिसल्यापासून १२ मीटरमध्ये थांबते, ३० मैलांची २३ मीटरमध्ये. वेग दीडपट आणि अंतर जवळपास दुप्पट. मोकळ्या कोपऱ्यामुळे माणूस आधी दिसतो आणि कमी वेगामुळे दिसल्यावर थांबता येते. यातले एकच केले असते तर निम्मेच काम झाले असते.

आता थोडे सावध बोलायला हवे. साठ हजारांच्या शहरात रस्त्यावरचे मृत्यू मुळातच मोजके होते. मोजक्या संख्येत एखादे वाईट वर्ष किंवा एखादे चांगले वर्ष निव्वळ योगायोगानेही येते. सात वर्षे योगायोगाने शून्य राहणे मला पटत नाही, पण सगळे श्रेय रंगाला आणि खांबांना देणेही पटत नाही. अरुंद गल्ल्या, जवळजवळचे चौक आणि रस्त्यावर सतत माणसे, हे होबोकनचे भांडवल आधीपासूनचे आहे. सहा पदरी रस्त्यांच्या शहराला ते आयते मिळणार नाही. आणि मृत्यू शून्य म्हणजे जखमी शून्य नव्हे. पाय मोडून सहा महिने घरी बसलेला माणूस या सात वर्षांच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

हे फक्त लहान शहरालाच जमते का? शेजारची जर्सी सिटी सुमारे तीन लाख वस्तीची आहे. तिथेही रंग, खांब आणि झटपट कामांवर भर दिला गेला आणि २०२२ मध्ये शहराच्या मालकीच्या रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही. ‘शहराच्या मालकीच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. राज्याचे आणि परगण्याचे रस्ते या मोजणीत नव्हते. त्या रस्त्यांचे डांबरही दुसऱ्याच कचेरीचे असते. स्वतःच्या बिलात सुरक्षा बसवण्याची ही युक्ती ज्याचे बिल त्याच्याच रस्त्यावर चालते, आणि रुंद, वेगवान, धोकादायक रस्ते बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असतात. अशा चौकांना आणि महागड्या सिग्नलच्या कामांना केंद्राचे अनुदान मागावेच लागते. म्हणून होबोकनचा २०२१ चा आराखडा कामाचा. रोजची कामे स्वतःच्या पैशातून चालू ठेवायची आणि न पेलणारी कामे अर्जासाठी तयार ठेवायची.

पद्धतीतला सर्वांत मोठा दोष मात्र वेळेचा आहे. डांबराचा थर दहा-पंधरा वर्षे टिकतो. सुधारणा डांबराच्या यादीमागून जाणार असतील तर काही कोपऱ्यांची पाळी यायला तेवढाच काळ लागेल. यादी रस्ता किती खराब आहे यावर ठरते, तिथे किती माणसे जखमी होतात यावर नाही. गुळगुळीत रस्त्यावरचा धोकादायक चौक यादीत शेवटी जातो. माझ्या मते जखमींचा नकाशा आणि डांबराची यादी एकाच टेबलावर ठेवून यादीचा क्रम हलवायला हवा. आणि जो चौक तरीही यादीत बसत नाही तिथे डांबराची वाट न पाहता रंग आणि खांब आधी पोचायला हवेत.

खांबांचाही एक खर्च आहे, ज्याचा उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचार करत नाही. प्लास्टिकचा खांब ट्रक वळताना मोडतो, हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या गाडीखाली मोडतो. एक मोडला की त्या फटीतून संध्याकाळपर्यंत पहिली गाडी कोपऱ्यावर येऊन उभी राहते. दुसऱ्या दिवशी तिच्यामागे दुसरी. बांधकामाचा पैसा एकदाच येतो, खांबाचा पैसा दरवर्षी लागतो, आणि तो देखभालीच्या लेखाशीर्षात आधीच धरलेला असावा लागतो. पर्जन्य बागेचेही तसेच. तिच्या तोंडाशी गाळ आणि पाने साचतात, वीतभर फट बुजते आणि पाणी पुन्हा रस्त्यावरूनच वाहू लागते. पावसाळी सकाळी फावडे घेऊन ती फट मोकळी करणारा माणूस कुणाच्या पगारपत्रकावर आहे, रस्ते खात्याच्या की बागखात्याच्या, हे कोपरा बांधायच्या आधी ठरलेले असेल, तरच तो कोपरा पाच वर्षांनीही मोकळा दिसेल.